पाठीमागची शिवी

प्रसेनजीत मला आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून लोक आमच्या दोस्तीचे गोडवे गात बसतील.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत आम्ही दोघं जोडीनं लॅडल उचलायचो. लॅडल म्हणजे दोन्हीकडं दांडे असलेली लोखंडी बादली आणि तिच्यात लोखंडाचा उकळता रस. तो पुढं, मी मागं. पुढच्याची रसाकडं पाठ असते. रस हिंदकळायला लागला की मागच्यानं ओरडायचं, "हळू", "थांब", "चल". भट्टीपासून साच्यापर्यंत चाळीस पावलं आणि चाळीस पावलं मागच्याचं तोंड चालू.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात रस उडाला आणि प्रसेनजीतची पोटरी भाजली. महिनाभर तो घरी होता. मी बघायला गेलो नाही. परत आला तो अबोला घेऊनच, आणि मीही तोंड उघडलं नाही. कारण तो भाजला त्या दिवसापासून दांडा धरला की माझे हात थरथरायचे, आणि बोलायला लागलो असतो तर तेच बाहेर पडलं असतं. गणपतराव मिस्त्रीला हे कळलं असतं तर त्यानं मला वाळू चाळायला बसवलं असतं. पंधरा वर्षं रस वाहिलेल्या माणसानं वाळू चाळायची, म्हणजे पैलवानानं तालमीबाहेर चपला राखायच्या.

मिस्त्रीचा नियम एकच होता. रडगाणं आणि भांडण गेटाबाहेर ठेवून यायचं. आमचा अबोला बघून तो खूश. मालकाला कौतुकानं दाखवायचा, "बघा सायेब, ह्या जोडीचा आवाज येतोय का? ह्याला म्हणायचं शिस्त."

डोंबलाची शिस्त! मी दातओठ खात मागं आणि तो पाठ ताठ करून पुढं.

एका सोमवारी प्रसेनजीत पळाल्यासारखा चालत होता. रस काठाला लागला. मला दिसत होतं, पण ओरडायचं म्हणजे अबोला आधी मी मोडायचा. मी गप्प राहिलो. रसाचा एक गोळा त्याच्या टाचेमागं पडला आणि जमिनीवर ठिणग्या उडाल्या.

लॅडल खाली टेकवली आणि तो माझ्या अंगावरच आला.

"दिसत हुतं न्हवं तुला? मुद्दाम गप बसलास! दुसरा पायबी जाळायचा हाय व्हय?"

"आणि तू का पळतोस रं? म्हसरं लागल्यात का मागं?"

"भ्या वाटतंय मला! मागं आग हाय आणि तुझा आवाज न्हाय. पळू नको तर काय करू?"

मिस्त्री धावत आला. "तोंडं बंद करा! न्हायतर दोघंबी वाळूवर जाशीला."

माझं डोकं फिरलं होतं. "घाला वाळूवर! माझं हात थरथरत्यात. ह्याची पोटरी जळताना जो वास आला, तो अजून नाकातनं जाईना. ह्याला बघायला घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

भट्टीवरची माणसं बघत राहिली. मला लाज वाटली, आणि बोललो ते बरंही वाटलं.

मिस्त्री मला म्हणाला, "पिराजी, तू हो बाजूला. ए कृष्णात, भट्टी सोड, ह्याचा दांडा धर."

"त्यो न्हाय पायजे," प्रसेनजीत म्हणाला.

"का? ह्याचं हात थरथरत्यात की."

"थरथरत्यात ते मला ठावं झालं. कृष्णातचं काय थरथरतंय ते कुणाला ठावं?" मग माझ्याकडं वळला. "तुझं त्वांड मला बघवत न्हाय, पिराजी. पण माझ्या मागं गप बसू नगंस. शिव्या घाल, पण बोल."

आम्ही दांडे धरले. हात थरथरतच होते. "चल, गाढवा," मी ओरडलो. "हळू, मुडद्या. थांब म्हटलं की कळत न्हाय व्हय?" चाळीस पावलं मी त्याचा उद्धार केला. मनात साचलेलं सगळं काढलं. एक थेंब सांडला नाही. मिस्त्री कपाळाला हात लावून उभा होता.

पुढं चार वर्षं आम्ही असाच रस वाहिला. चहाला तो एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या.

एकदा निम्म्या वाटेत मला ठसका लागला आणि तोंड बंद झालं. प्रसेनजीत जागच्या जागी थांबला. मागं न बघताच ओरडला, "गप का झालास?"

"ठसका लागला."

"मग मोठ्यानं खोक की, भाड्या!"