बरणीतला प्लेक्सिपस

"दोघं एका बरणीत कुणी ठेवले?"

सरांचा चढलेला आवाज साऱ्या प्रयोगशाळेत घुमला. पाहणीला आलेल्या समितीच्या बाई वाकून बरणीत बघत होत्या. आत एक उड्या मारणारा कोळी मोठे डोळे रोखून बसला होता. दुसऱ्याचं नुसतं टरफल उरलं होतं, पाय पोटाशी ओढलेले.

"मी ठेवले, सर," मामा म्हणाले. "याची बरणी धुवायची होती. म्हटलं, तेवढीच एकमेकांना सोबत."

"सोबत! अहो, ही जात एकमेकांना खाते. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या. "हे कोण?"

सर क्षणभर अडखळले. "मदतनीस आहेत. जुने."

जुने तर खरेच. बहीण गेल्यावर या सरांना मामांनीच खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. पुढे भाचा इथेच साहेब होऊन आला, तेव्हा मामाच म्हणाले होते, "कामावर तू सर, घरी बाळ्या. उगाच तुला कुणी हिणवायला नको." आपण धरलेला आडोसा पोराला इतका सोयीचा झाला असेल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्याच वेंधळेपणानं पोराला चारचौघांत खाली बघायला लावलं.

"नाव काय या कोळ्याचं?" बाईंनी विचारलं.

"प्लेक्सिपस." सरांना हायसं वाटलं. "ग्रीक पुराणातलं नाव आहे. मोठी शिकार झाली, रानडुकराच्या कातड्यावरून भांडण पेटलं आणि त्यात हा मारला गेला."

"कुणी मारलं?"

सर बरणीकडे बघत राहिले. "भाच्यानं."

"अगंबाई! सख्ख्या मामाला?"

मोरीपाशी रिकामी बरणी विसळत मामा हळूच म्हणाले, "मामानंच काहीतरी आगाऊपणा केला असेल."

बाई खळखळून हसल्या. सर हसले नाहीत.

संध्याकाळी मामा देवापुढे बसले. हकनाक गेलेल्या त्या जिवाची माफी मागायची होती, पण हात जोडले तरी शब्द सुचेनात. डोळ्यांपुढे येत होता तो भाच्याचा लालबुंद चेहरा. तेवढ्यात दार वाजलं.

मामींचे हात पिठात होते, म्हणून मामाच उठले. दारात भाचा उभा होता, मान खाली घालून. काहीतरी बोलायचं मनाशी जुळवत आला असावा. त्याचे ओठ हलले.

"या, सर," मामा म्हणाले.

जीभ चावली, पण शब्द तर निघून गेला होता. आतून मामींचं हसू ऐकू आलं. "इश्श! घरात कसले आलेत सर? बाळ्या, ये रे आत."

भाचा बूट काढायला वाकला होता. नाडी हातात धरून तो तसाच वाकून राहिला, आणि मामांनी त्याच्यासाठी दार उघडं धरून ठेवलं.