कळ्या कापणाऱ्या कात्रीची कैफियत

मी एक जुनी कात्री आहे. शिवणकामाची, लांब पात्यांची, हातात घेतली की मनगटाला वजन जाणवणारी. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट शांतपणे सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही. मी वैतागलेली आहे, आणि का ते ऐकलंत तर तुम्हीही वैतागाल.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंड तापलं, घणाचे घाव बसले, घासून घासून दोन पाती तयार झाली आणि मधे एक स्क्रू बसवून त्यांची जन्मगाठ बांधली गेली. मला विकत घेतलं ते कपडे शिवणाऱ्या काकूंनी. त्यांच्या शिवणाच्या खोलीत माझा काय थाट होता! मला कागद कापायची बंदी, दोरी कापायची बंदी. कोणी नुसता हात लावला तरी काकू ओरडायच्या, "ठेव ती खाली! ती कापडाची आहे!" जाड कोट असो की झिरझिरीत पडदा, खडूच्या रेघेवरून मी सरळ जायची. गिऱ्हाईकं म्हणायची, "काकू, तुमचं कटिंग म्हणजे कटिंग." काकू मग मला मऊ फडक्याने पुसून ठेवायच्या.

काकूंची एक सवय तेव्हापासूनची. कपडा शिवून झाला की त्या तो उजेडात धरायच्या आणि कुठे सुटा धागा डोकावताना दिसला की कच्चकन कापायच्या. बोलता बोलता, न बघता. टोक बाहेर आलं की कापायचं, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की त्यासाठी डोकं लागतच नसे. हीच सवय पुढे सगळ्यांना भोवली.

मग एक दिवस नवी, हलकी कात्री आली आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. नळाजवळच्या खिळ्याला मला अडकवलं. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. पण त्या नवीचे नऊ दिवस काही संपले नाहीत.

अंगणाच्या कोपऱ्यात एक फुटकी टाकी होती. मातीने भरलेली. तिच्यात एक झाड आपोआप उगवलं होतं. एखाद्या पक्ष्याने बी टाकलं असावं. छोटी, चकचकीत, गर्द हिरवी पानं. शिवणाच्या खोलीच्या खिडकीतून तेवढंच काय ते हिरवं दिसायचं. सुईत दोरा ओवून डोळे शिणले की काकू मान वर करून त्याच्याकडे बघायच्या. त्या झाडावर त्यांचा जीव जडला होता, आणि जीव जडला म्हणूनच त्या रोज सकाळी मला घेऊन त्याला छान गोल कापून ठेवायच्या.

पुढे काकूंना नात झाली. ती रांगायला लागली आणि दिसेल ते तोंडात घालू लागली. तिच्या आईला, म्हणजे काकूंच्या सुनेला, त्या झाडाची धास्ती वाटू लागली. काकूंच्या मुलाने मोबाईलवर फोटो काढून नाव शोधलं. सकाळी एक नाव आलं, दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी आलेलं नाव एका विषारी झाडाचं होतं.

सून म्हणाली, "आई, माझं त्या झाडाशी वैर नाही. पण ते काय आहे हे कुणालाच माहीत नाही. ही चालायला लागायच्या आत नाव कळलं तर ठीक, नाहीतर उपटू या."

"तुझं बरोबरच आहे गं," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी झाडाला दोनदा पाणी घातलं.

शेजारी एक मास्तर राहायचे. झाडाझुडपांचा विषय शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. काकूंनी त्यांना बोलावलं. त्यांनी पान चुरगळलं, हुंगलं, चष्मा वर केला. "वहिनी, अंदाज आहे. पण अंदाजावर लेकराच्या जिवाचं बोलणार नाही मी. फूल दाखवा, त्याच क्षणी नाव सांगतो."

"फूलच येत नाही हो त्याला!" काकू म्हणाल्या. आणि बोलता बोलता त्यांनी झाडाच्या गोलाईबाहेर आलेलं एक टोक कच्चकन कापलं.

मित्रांनो, ती कळी होती! फुलांचा अख्खा गुच्छ धरणार होता तिथे. नुसत्या पानाचं देठ पात्यांत कुरकुरतं, कळ्यांचं टोक मऊ लागतं. आयुष्यभर कापणारीला एवढंही कळणार नाही का? मास्तर चष्मा पुसत होते आणि काकू सुनेकडे बघत होत्या. कळ्या खाली मातीत पडल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला एवढं मोठं तोंड आहे, पण बोलता एक अक्षर येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पुढे हेच चालू राहिलं. झाड बिचारं पुन्हा पुन्हा टोकं काढायचं. काकूंचा हात पुन्हा पुन्हा जायचा. मास्तर कुंपणावरून विचारायचे, "आलं का फूल?" काकू मान हलवायच्या. मुलगा म्हणायचा, "जातच तशी असेल, न फुलणारी." उचलली जीभ लावली टाळ्याला! मी नीट न कापून पाहिलं, तर काकूंनी माझा स्क्रू घट्ट केला.

आणि मग नात चालायला लागली. पडली, उठली, आणि तडक टाकीकडे निघाली. सुनेने धावत जाऊन तिला उचललं. सूनच रडवेली झाली होती. "आई, आता नाही हं. आता खरंच नाही."

काकूंनी वाद घातला नाही. त्या खिडकीत जाऊन बसल्या. शिवण मांडीवर तसंच. ते पाहून मुलाने सुनेला म्हटलं, "तूर्तास जाळी मारतो. हिचा हात पोचणार नाही. एवढा एक मोसम बघू." सून कशीबशी तयार झाली.

मुलाने तारेची जाळी आणली. पक्कड सापडेना. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि खिळ्यावरून मला काढलं.

जिला कागद वर्ज्य, तिच्याकडून तार कापून घेतली! माझ्या धारेला खाचा पडल्या, पाती वाकडी झाली. काकूंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मला धारवाल्याकडे धाडलं. तिथे मी बोथट सुऱ्यांच्या ढिगात कित्येक दिवस पडून होते. शेवटी धारवाला म्हणाला, "ही आता कामातून गेली," आणि मला परत पाठवलं.

घरी आले तर अंगणात गर्दी. जाळीच्या आत कुणाचा हात पोचत नव्हता, कापायला कात्री नव्हती, आणि झाड पांढऱ्या फुलांनी भरून गेलं होतं. मास्तर जाळीला नाक लावून उभे होते. "अहो, ही कुंती! साधी कुंती! कुंपणाला लावतात ती. पोर खेळू दे खुशाल, विष नाही हिच्यात." मग ते काकूंकडे वळले. "पण वहिनी, ही इतके दिवस फुलली कशी नाही?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "ही मेली कात्री!" त्या म्हणाल्या. बघा! खापर माझ्यावरच.

सुनेने स्वतःच्या हाताने जाळी सोडवली आणि मुलीला फुलांपाशी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेहमीसारख्या आल्या. एक फांदी गोलाईबाहेर आली होती. हात आपोआप खिळ्याकडे गेला. त्यांनी मला फांदीला लावलं आणि दाबलं. माझी पाती एकमेकांना भेटलीच नाहीत. फांदी नुसती माझ्यात दुमडली आणि सुटून पुन्हा वर आली. टोकाला कळ्या होत्या. या वेळी काकूंनी त्या पाहिल्या.

 मग त्यांनी मला पदराने पुसलं, पूर्वी कापडाच्या दिवसांत पुसायच्या तसं, आणि खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून मला कोणी हात लावलेला नाही.

मित्रांनो, तार पकडीनेच कापा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि ज्याचं नाव तुम्हाला कळत नाही, त्याचं जरा बाहेर आलेलं टोक लगेच छाटू नका. थोडी कळ काढा. दर वेळी कात्रीच मोडेल असं नाही.