खाली उतरायची वाट

"मेल्यावर मला या जिन्यातून उभा नेणार का रे?" ओबेड गॅरडने पलंगावरून विचारले. जिना चढून आलेला पर्सी पेटिट दाराशी धापा टाकत होता. पर्सी गावचा सुतार. पाळणे तोच करायचा, शवपेट्याही तोच. ओबेड अंगाने धिप्पाड; पाय सुजल्यामुळे उन्हाळ्यापासून माडीवर पडून होता. आणि जिना धुराड्याला वळसे घालत असा चढायचा, की भरल्या अंगाच्या माणसाने तिरकेच व्हावे.

लेटीने नवऱ्याचे बोलणे कानाआड केले. इंग्लंडातल्या सफक परगण्यातले तिचे हे सासर म्हणजे ओकच्या तुळयांचा सांगाडा आणि मध्ये कुडाच्या भिंती. घर एका अंगाला इतके झुकले होते, की सांडलेले दूध कुठे जाणार हे मांजराला आधीच ठाऊक असे.

पर्सीचे म्हणणे पडले, की घर बांधणाऱ्यांनी याचा विचार केला असणारच. असल्या घरांत पेटी उतरवायला माडीच्या जमिनीत झडप ठेवत. त्याने सतरंजी गुंडाळली, फळ्या ठोकून पाहिल्या, आणि दोन तुळयांमध्ये खरोखरच खिळ्यांनी बंद केलेला चौकोन सापडला. तो उघडल्याबरोबर खालच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या मांसाचा वास वर आला. ओबेडच्या ताटात इतके दिवस सगळे निवूनच येत होते.

"यातून मी जाईन?"

"पेटी जाईल. तुझं सांगवत नाही."

"मग आत्ताच बघू. मेल्यावर अडकलो, तर मला सांगता यायचं नाही."

लेटीने साफ नाही म्हटले. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि खाली जाऊन टेबलावरच्या बशा उचलल्या.

पर्सीने चर्चमध्ये घंटा वाजवणारे दोघे गडी बोलावले. दोर ओढायची त्यांना सवय होती. ओबेडला खुर्चीत बांधून झडपेतून खाली सोडले. पाय आले, गुडघे आले आणि पोटाशी गाडी अडली.

"श्वास सोड," लेटी खालून म्हणाली. "लग्नाचा कोट घालताना सोडला होतास, तसा."

त्याने सोडला, आणि खुर्चीसकट टेबलावर येऊन बसला. बसल्या बसल्या त्याने मोहरीची चटणी मागितली.

पुन्हा वर जायला तो तयार होईना. पर्सीने चुलीजवळ खाट ठोकून दिली. लेटी शेजारच्या बाकावर झोपू लागली. कांदा करपतोय, पाव फुगला नाही, असे दिवसभर तिला ऐकावे लागे. इतकी वर्षे आपण देखरेखीशिवाय रांधले कसे, याचे तिला नवल वाटे. हिवाळा सरताना एका सकाळी तो तिथेच गेला. पेटी सरळ दारातून बाहेर पडली. झडप लागलीच नाही.

दफन करून आल्यावर लेटी काळा कोट ठेवायला माडीवर गेली. लग्नापासून या खोलीत ती कुडकुडत कपडे बदलत आली होती. आता उघड्या झडपेतून चुलीची ऊब वर येत होती. हे ओबेडला सांगायला ती झडपेपाशी वाकली.

मग तशीच वाकून राहिली. अंगात कोट नव्हता, तरी थंडी वाजत नव्हती.