टॉलेफसन सरांचं पत्र

ऑक्टोबरात केलेल्या एका सहीचा पश्चात्ताप मारित नीगार्डला डिसेंबरपर्यंत पुरला. कागद साधाच होता: शिक्षक माझ्याविषयी कॉलेजला जे पत्र लिहितील, ते बघायचा हक्क मी सोडते. सगळीच मुलं सोडतात. न सोडणाऱ्याच्या पत्रावर कॉलेजवाले विश्वास ठेवत नाहीत म्हणे. म्हणजे विश्वास त्यांनी ठेवायचा आणि डोळे मिटायचे पोरीनं, असा हा न्याय.

पोरगी मिनेसोटातल्या तळ्याकाठी वाढलेली, पण शिकायचं होतं समुद्राबद्दल, आणि तेही दीड हजार मैलांवरच्या पेन्सबी कॉलेजातच. तिथं तिनं इतरांच्या आधीच, लवकरचा अर्ज केला होता. असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो, आणि घेतलं तर तिथंच जाऊ, असं आईबापांच्या सहीनिशी बांधून घेतात. निकाल पंधरा डिसेंबरला, संध्याकाळी पाचला.

पत्र लिहिलं होतं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या टॉलेफसन सरांनी. आणि सप्टेंबरात मारितनं भर वर्गात त्यांची फळ्यावरची चूक दाखवली होती. सर थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले, "हं" म्हणाले, आकडा पुसला आणि पुढे शिकवू लागले. त्या "हं"नं तिची झोप उडवली. या गावची माणसं भांडत नाहीत. राग आला तर तुमच्या दारापुढचा बर्फ मुकाट्यानं काढून देतात आणि वीस वर्षं तुमच्याशी बोलत नाहीत.

नोव्हेंबरात शाळेतून पत्रं रवाना करणाऱ्या मिसेस डाल सहज बोलून गेल्या, "सरांचं पत्र गेलं हं तुझं. छोटंसंच आहे."

झालं. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मारित दोन वर्षं तास संपल्यावर प्रयोगशाळेतली काचेची भांडी आपणहून धुवायची. त्या दिवसापासून तिनं ते बंद केलं. भांडी साचायची, आणि दुसऱ्या दिवशी धुतलेली दिसायची. सर एका शब्दानं काही बोलले नाहीत. अपराधी माणूस कसा बोलेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

निकालाच्या आदल्या बुधवारी चर्चमध्ये सूपचं जेवण होतं. सर वाडगा घेऊन नेमके बाबांच्या शेजारी येऊन बसले. हवा कशी आहे, तळ्यावरचा बर्फ गाडी पेलेल का, सगळं झालं. मारितचं नाव काही निघालं नाही. उठताना मात्र म्हणाले, "आलं का काही?"

"नाही अजून," बाबा म्हणाले.

"हं. येईल."

गाडीत बसल्याबसल्या ती उसळली. "ऐकलंत, बाबा? येईल म्हणाले. काय येईल ते नाही सांगितलं! केसानं गळा कापलाय त्यांनी माझा."

"टॉलेफसननं?" बाबांना हसू आवरेना. "अगं, तो पकडलेला मासासुद्धा माफी मागून तळ्यात सोडतो."

"तुम्हाला सगळेच चांगले वाटतात."

"आणि तुला एकही नाही. संशयाला औषध नाही, बाई."

पंधरा तारखेला पाच वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं निकाल उघडला. घेतलं नव्हतं, नाकारलंही नव्हतं. अर्जाचा विचार पुढे ढकलला आहे, मार्चमध्ये कळवू. आईनं पाठीवर हात ठेवला, तर तिनं तो झटकला. तिचा सगळा राग एकाच माणसावर जाऊन बसला होता.

सकाळी ती तडक प्रयोगशाळेत गेली. सर बाह्या वर करून भांडी धूत होते.

"मला ढकललंय पुढे."

सरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "तसं व्हायला नको होतं."

"काय लिहिलं होतंत, सर? फळ्याचा राग काढलात ना माझ्यावर?"

"फळ्याचा?" त्यांना आठवायला वेळ लागला. "अगं, त्यामुळेच तर हो म्हटलं. यंदा सात जणांनी पत्र मागितलं. मी एकच लिहिलं." हात पुसून त्यांनी खणातून एक कागद काढला. "वाचायचा हक्क तू सोडलायस. दाखवायचा मी सोडलेला नाही. घे."

मारित उभ्या उभ्या वाचू लागली. 'मारित नीगार्ड दोन वर्षं माझ्या वर्गात आहे. वेळेवर येते. कोणी न सांगता काचेची भांडी धुते, आणि ती खरोखर स्वच्छ असतात. एकदा मी चुकलो, तेव्हा तिनं सांगितलं. तिचं बरोबर होतं. तिला घ्यायला माझी हरकत नाही.' संपलं. तळ्याच्या पाण्यावरच्या तिच्या कामाला राज्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्याबद्दल अक्षर नव्हतं.

"आणि बक्षीस, सर?"

"ते तू अर्जात लिहिलं असशीलच की. मी परत सांगितलं तर बढाई झाली असती." सरांचे कान लाल झाले होते. "ते 'खरोखर' मी दोन दिवस घालत होतो नि खोडत होतो. तीस वर्षांत कुणासाठी लिहिलं नव्हतं. जास्त झालं का?"

मारित याच गावची. या चार ओळींत सरांनी आपल्यासाठी जीव ओतलाय, हे तिला कळलं. आणि पेन्सबीत ज्यानं वाचलं असेल, त्याला कॉलेजात भांडी घासायला कुणी पाठवतंय असं वाटलं असेल, हेही कळलं. तिला हसू येत होतं आणि रडू त्याहून जास्त. मोरीत तिनंच सोडलेली कालची भांडी पडली होती. सहा आठवडे हा म्हातारा ती धूत होता, आणि पत्रात मात्र मारित धुते असं लिहून बसला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"बरं आहे पत्र," ती म्हणाली. याहून मोठं कौतुक त्या गावात कुणाला जमत नाही. "सर, मार्चच्या आत आणखी एक पत्र चालतं."

ते इंग्रजीच्या बाईंकडून घ्यायचं, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. बाई न्यूयॉर्कच्या, तीन पानं स्तुती सहज लिहितात. पण सरांचा चेहरा एकदम उजळला.

"मग लिहितो की मी! या वेळी जरा हात सैल सोडतो."

बाईंचं नाव तिनं गिळून टाकलं.

"बक्षिसाचं तेवढं लिहाल?"

दाढ दुखावी तसा सरांचा चेहरा झाला. "लिहावंच लागेल का?"

"हो, सर."

"बरं," ते म्हणाले. "पण भांड्यांचं काढणार नाही हं मी."

"नका काढू," मारित म्हणाली, आणि बाह्या वर करून तिनं मोरीतला ब्रश उचलला.