भिंतीकडच्या वाफ्यातली ब्राह्मी

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे आणि खरं सांगायचं तर मी पक्की जळकुकडी आहे.

मित्रांनो, कुंभाराने मला घडवलं, भाजलं आणि एका वैद्यबाईंना विकलं. त्यांनी माझ्यात ब्राह्मी लावली. त्यांची लेक चिमी रोज सकाळी नाक दाबून तिचा रस पिई. "आमची कुंडी मोठी गुणाची," असं बाई म्हणत तेव्हा मी फुलून जाई.

पुढे ब्राह्मीला माझी जागा अपुरी पडू लागली. बाईंनी तिला मागच्या भिंतीकडच्या वाफ्यात हलवलं आणि मला पायरीखाली उपडं घातलं. वाफ्यात ती हातपाय पसरून बसली. पानं तर अशी तजेलदार, की जो तो वाफ्याचंच कौतुक करी. माझा नुसता जळफळाट झाला. लहानाची मोठी केली मी, आणि मिरवणार हा! चिमीची वाटीसुद्धा आता वाफ्यातूनच भरे.

एकदा बाईंचा धाकटा भाऊ राहायला आला. पूर्वी तो याच अंगणात बॅटऱ्या दुरुस्त करत असे. वाफा पाहून तो थबकला.

"ताई, अगं इथेच मी जुन्या बॅटऱ्या फोडायचो! त्यातलं शिसं या मातीत मुरलंय."

"काहीतरीच तुझं! माती वाईट असती तर रोप असं तरारलं असतं का?"

"रोपाला काही होत नाही गं, ते शिसं पानात साठवतं. पानं तपासून घे. आणि चिमीचं रक्तही."

दोन्हींत शिसं निघालं. "वेळेवर आलात, रस ताबडतोब बंद करा," डॉक्टर म्हणाले. बाई माझ्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. वाफ्याची खोड मोडली होती, पण मला कसला आनंद होणार?

वाफ्यातली ब्राह्मी उपटून तो कोपरा बंद केला. तपासण्या होत राहिल्या आणि चिमीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. मग बाईंनी मला उताणं केलं, धुतलं, नवी माती भरली, नवी ब्राह्मी लावली. माझे दिवस परत आले, असं मला वाटलं.

पण पहिली पानं खुडून बाईंनी थेट तपासणीला पाठवली.

"आई, ही तर कुंडीतली आहे ना?" चिमीने विचारलं.

"असू दे. आधी कळू दे."

माझी पानं? त्या वाफ्याच्या पंगतीला मला बसवलं? मी रागाने धुमसत राहिले. मग चिमीची रिकामी वाटी दिसली आणि राग गिळला. मित्रांनो, औषधी रोप मातीतलं बरंवाईट सगळंच पितं आणि वर हिरवंगार दिसतं. म्हणून मुळाशी काय आहे ते आधी तपासा. माझ्यासारख्या प्रेमळ कुंडीचाही भरवसा धरू नका.