टाकी हलविण्यात येईल

शनिवारी संध्याकाळी अप्पा घाडीगावकरांनी आमच्या लालबागच्या चाळीतल्या फळ्यावर खडूने लिहिलं : 'सर्व बिऱ्हाडकरूंस कळविण्यात येते की, उद्या सकाळी नऊ वाजता टाकी हलविण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.' खाली सही केली आणि दोन पावलं मागे जाऊन स्वतःच्या अक्षराचं कौतुक केलं.

अप्पांच्या मनात टाकी एकच होती. चाळीच्याही मनात एकच होती. दोन्ही टाक्यांमध्ये चार मजल्यांचं अंतर होतं, एवढंच.

अप्पांची टाकी त्यांच्या पिकअपमध्ये होती. बावन्न सालची, गोल नाकाची, अप्पांपेक्षा पाच वर्षांनी लहान. गिरण्या चालू होत्या तेव्हा हिच्यातून ते कापडाचे तागे शिवडीच्या गोदामांत पोचवत. जुन्या घडणीची गाडी असल्यामुळे पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी. म्हणजे चाळीस लिटर पेट्रोलला पाठ टेकून बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

लग्नानंतर अप्पांनी नव्या नवरीला गिरगावातून याच गाडीत आणलं. पेट्रोलच्या वासाने पद्मजाताईंना वाटेत तीनदा उलटी झाली, त्यातली एक सासूबाईंच्या शालूवर. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "ही टाकी बाहेर गेली की मी आत." त्याला आता बावन्न वर्षं झाली. अप्पांची एकच इच्छा उरली होती : बायकोला शेजारी बसवून एक फेरी. ते होणे नाही याबद्दल दोघांचं एकमत होतं, म्हणून संसार सुरळीत चालला होता.

पण नात अनुजा इंजिनियर झाली. गाडीखाली आडवी होऊन, टेप लावून बाहेर आली आणि म्हणाली, "अप्पा, हौद्याखाली, चेसिसच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मस्त जागा आहे. टाकी तिकडे जाईल."

अप्पा धावत वर गेले. "अगं, टाकी बाहेर गेली तर बसशील?"

"बसेन म्हटलंय ना!" पद्मजाताई मेथी निवडत म्हणाल्या. इंजिनियर लोकांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

रविवारी पहाटे पाचला चाळीतले सगळे नळ एकदम सुटले. बादल्या, पिंपं, कळश्या, कुकर, जे पोकळ होतं ते भरलं गेलं. सेक्रेटरी यशोधन बँकेत ऑफिसर, म्हणजे दूरदृष्टीचे. त्यांनी मुलाचा पोहायचा फुगवायचा तलाव हॉलमध्ये फुगवून भरला. साडेआठला गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी झाली.

नऊ वाजता सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी. माना वर. खाली अनुजा आणि चिंचपोकळीचा गॅरेजवाला हितेंद्र यांनी गाडीचं सीट उचलून बाहेर ठेवलं, पेट्रोल कॅनमध्ये काढलं, चार बोल्ट सोडले आणि केबिनमधून एक काळीकुट्ट, चपटी टाकी ओढून बाहेर काढली. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

"अप्पा, ही टाकी?" यशोधनांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून.

"हीच की. दुसरी कुठली?"

"अहो, चाळीत टाकी म्हटलं की माणूस वर बघतो!"

तळमजल्याच्या गंगुबाई पदर खोचून पुढे आल्या. "रे अप्पा, पाचाक उठान मी कढयेतसुद्धा पाणी भरलंय! आता भजी काय पाण्यात तळू?"

यशोधन लेखी माफी मागून घ्यायला तरातरा खाली आले. पण गाडीचं बॉनेट उघडं होतं, आणि उघड्या बॉनेटपुढे पुरुषाचा राग फार टिकत नाही. पाचव्या मिनिटाला ते हितेंद्रसाठी टॉर्च धरून उकिडवे बसले होते.

जुनी टाकी हौद्याखाली मावणारी नव्हती, म्हणून हितेंद्रने पत्र्याची नवी बनवून आणली होती. पेट्रोल घालण्याआधी पाणी भरून गळती बघायची, म्हणून अनुजाने आवारातल्या नळाला पाइप लावला. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"टाकी रिकामी आहे!" वरून कोणीतरी सांगितलं.

"कुठली?" अप्पांनी विचारलं. आता ते सावध झाले होते.

"मग राहू दे आज," दुसऱ्या मजल्यावरून पद्मजाताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू." आवाजातली सुटका लपली नाही. अप्पा सीटवर बसले. म्हणजे आवारात ठेवलेल्या सीटवर. शेजारची अर्धी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

गंगुबाईंनी ते पाहिलं. आत गेल्या, कळशी घेऊन आल्या आणि टाकीत ओतली. "बघता काय? हाडा पाणी!"

मग धमाल उडाली. जिन्यावर बादल्यांची रांग लागली. ज्याला त्याला आपलंच पाणी आत जायला हवं. "आमचं घ्या, फिल्टरचं आहे!" टाकी तुडुंब भरली, आणि कोपऱ्यातल्या सांध्यातून एक थेंब आला. सगळी चाळ हळहळली. हितेंद्रने तिथे खडूने गोल केला, टाकी ओतली, सांधा पुन्हा डाग देऊन बुजवला. पुन्हा बादल्या. यशोधनांचा तलाव कामी आला. टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा तास सत्तर माणसं त्याकडे डोळे लावून उभी राहिली. अग्रलेखाच्या पानाला इतके वाचक पूर्वी मिळाले नसावेत.

पान कोरडं राहिलं!

पुढे सगळं पळतच झालं. ब्लोअरने टाकी आतून सुकवली, हौद्याखाली कसली, पाइप जोडला, सीट जागेवर बसवलं, दहा लिटर पेट्रोल ओतलं. चार वाजता अप्पांनी स्टार्टर दाबला. गाडी कुरकुरली, शिंकली आणि धडधडायला लागली. गॅलऱ्यांतून शिट्ट्या आल्या. आम्हा सभ्य माणसांच्याही.

पद्मजाताई खाली आल्या. एका हातात लिंबू, दुसऱ्यात आलेपाकाची पुडी. त्यांनी सीटच्या मागे डोकं घालून एक खोल श्वास घेतला.

"वास येतोय."

हितेंद्र पांढरा पडला. अनुजा गाडीखाली शिरली. अप्पांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आजी, एक थेंब गळत नाहीये गं! शप्पथ!" खालून आवाज आला.

"पेट्रोलचा कोण म्हणतंय? यांच्या शर्टाचा येतोय. घामाचा." त्यांनी निऱ्या सावरल्या. "तो बावन्न वर्षांच्या ओळखीचा आहे. सरका जरा."

आणि त्या बसल्या. अप्पा सरकले, मग आपण ड्रायव्हर आहोत हे आठवून पुन्हा मागे सरकले.

बेत परळच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत येण्याचा होता. हौद्यात अनुजा, गंगुबाई आणि मी. काचेतून पुढच्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. सिग्नलपर्यंत लिंबू हुंगलं गेलं नाही. अप्पांनी वळायला गाडी हळू केली, तसा डाव्या खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आला आणि पुढे रोखला गेला.

"वळताय कशाला? ती शिवडीची गोदामं दाखवा. इतकी वर्षं नुसती ऐकतेय."

"अप्पा, पेट्रोल दहाच लिटर आहे हं!" अनुजा काचेवर थापा मारत ओरडली.

अप्पांनी हॉर्न वाजवला. पुढे कोणीच नव्हतं. पुढे नुसता रस्ता होता, त्याच्या टोकाला शिवडी, आणि खिडकीतला हात अजून आत गेला नव्हता.