शेळ्या चिंचेखाली बसतात

वैजनाथ गुरुजींनी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर भूमच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायला बसले. पोरांना इंग्रजी येत नव्हतं, लोकांना मराठी येत होतं. त्यामुळं हे दुसरं काम सोपं गेलं.

त्यांचा एक लाडका शब्द होता. रिलेव्हंट. वर्गात तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ते सांगायचे, "रिलेव्हंट म्हणजे संबंध असलेला. पण हा शब्द एकटा फिरत नाही बरं का! त्याच्या मागं 'टू' येतो. कशाला रिलेव्हंट, कुणाला रिलेव्हंट, ते सांगितलं नाही तर वाक्य लंगडं." पोरं माना डोलवायची आणि परीक्षेत लंगडं वाक्य लिहायची. पुढं टेबलावर बसल्यावर गुरुजींचं स्वतःचंही तेच झालं. शब्द सोबत आला, 'टू' शाळेतच राहिला.

"रिलेव्हंट तेवढं बोला," ते समोरच्याला सांगायचे. समोरचा मान डोलवून आजोबापासून सुरुवात करायचा. गुरुजी सगळं उतरवून घेत आणि मग कानावरची लाल पेन्सिल काढून संबंध नसलेल्या ओळींवर रेघ मारत. प्रत्येक रेघेशेजारी 'वै' अशी छोटी सही. बिनसहीची खाडाखोड हापिसात चालत नाही. स्वच्छ प्रत काढायला जादा कागद लागतो, म्हणून तोच कागद पुढं जाई. हापिसात त्यावर आवकचा शिक्का पडला की विषय संपला.

विषय किती संपतो, हे गुरुजींना एका मंगळवारी कळलं.

त्या दिवशी बलभीमच्या शेताची मोजणी होती. त्याचा अर्ज गुरुजींनीच लिहिलेला. पंच म्हणून गुरुजींना न्यायला तो सकाळीच मोटारसायकल घेऊन घरी आला. कस्तुराबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, त्याला चहा दिला.

"काकू, च्या लई झ्याक," बलभीम बशीतून फुरके मारत म्हणाला.

"यांना दुपारी आणून सोड बाबा. उन्हात लई बोलत्यात ते."

वाटेत गुरुजी म्हणाले, "मोजणीवाले येईपर्यंत तुझ्या बांधावरच्या चिंचेखाली बसू."

"कोन्ती चिंच?"

"अरे, तुझ्या आज्यानं लावलेली! तूच लिहून दिलंस, तिच्या सावलीत तुझा बाप जेवायचा म्हणून."

बलभीमनं गाडी हळू केली. "गुरुजी, ऊन लागलं का तुमाला? आमच्या बांधाला चिंच न्हाय. कधीच नव्हती."

शेत आलं. बांध मोकळा होता. ना बुंधा, ना खोडाचा खळगा, ना वाळलेलं पान. पण त्या रखरखीत उन्हात बलभीमच्या सात-आठ शेळ्या एका जागी बसलेल्या होत्या. गोल. कुणी कंपास फिरवून आखावा तसा गोल, आणि एकीचंही शेपूट त्याच्या बाहेर नाही. डोळे मिटून, गार सावलीत बसावं तशा निवांत रवंथ करत होत्या. ऊन जरा सरकलं, तशा साऱ्या उठल्या आणि दोन पावलं पूर्वेला सरकून पुन्हा गोल बसल्या.

त्यांच्यात बलभीमची आई हरणाबाई बसली होती. कपाळावरून घाम निथळत होता.

"आक्का, उन्हात का बसलात?" गुरुजींनी विचारलं.

"हितं बरं वाटतंय," ती म्हणाली. "का ते ठावं न्हाय. कुनाला तरी जेवायला हाक मारायची ऱ्हायलीया, असं वाटत राहतंय बघा."

गुरुजींच्या डोळ्यापुढं तो कागद आला. 'बांधावरची चिंच आज्यानं लावली, बाप तिच्या सावलीत जेवायचा.' त्यावर लाल रेघ. शेजारी वळणदार 'वै'. वर शिक्का.

आणि त्यामागोमाग दुसरा कागद आठवला, कालचा.

शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. स्मरणिकेसाठी जुन्या शिक्षकांकडून एका पानात माहिती मागवली होती. काल संध्याकाळी गुरुजींनी ती लिहिली. तिच्यात एक ओळ होती : 'पस्तीस वर्षं माझ्या सर्व उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज माझी पत्नी सौ. कस्तुराबाई हिने केली.' ओळ खरी होती. गुरुजींचं गणित कच्चं. बाई चौथी शिकलेल्या, पण बेरजेत एकदाही चूक नाही. तरी छापून आल्यावर हेडमास्तर काय म्हणतील? गुरुजींनी लाल पेन्सिल काढली. रिलेव्हंट नाही. रेघ. 'वै'. कागद घरच्या टेबलावर. आज दुपारी शाळेचा शिपाई गोरोबा तो न्यायला यायचा होता. शाळेत गेला की शिक्का.

"बलभीम, गाडी काढ."

"आन् मोजणी?"

"काढ म्हणतो ना!"

घर आलं. कस्तुराबाई दारातच उभ्या होत्या. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

"एवढ्या लवकर आलात व्हय?" त्या म्हणाल्या. "बलभीम, ये, च्या ठेवते."

बलभीमनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांच्यातून पलीकडं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग गाडी वळवता वळवता मायेनं म्हणाला, "गुरुजी, एवढ्या मोठ्या घरात एकटं करमतं का हो तुमाला?"

गाडी गेली. धूळ खाली बसली.

"सकाळी तुम्ही गेलात आन् दूधवाला आला," कस्तुराबाई म्हणाल्या. "पातेलं पुढं केलं, तर त्यानं अर्धाच लिटर वतलं. एका माणसाचं. शेजारची महेश्वरी कपडे वाळत घालीत होती. चार हाका मारल्या, वळली न्हाय. मग म्हटलं, बघावं तरी यांनी काल काय लिव्हलं."

कागद त्यांच्या हातात होता.

गुरुजींनी तो हिसकावून टेबलावर पसरला. लाल पेन्सिल खोडरबरानं जात नाही, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं. पण हापिसची रीत त्यांना ठाऊक होती. रेघेशेजारी 'खोडलेले कायम समजावे' असं लिहून परत सही केली की ओळ उठून उभी राहते. मात्र शिक्का पडायच्या आत. त्यांनी पेन उघडलं. कोपऱ्यावरून गोरोबाच्या सायकलची घंटी ऐकू आली.

कस्तुराबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता, आणि त्याचं वजन लागत नव्हतं.

"थांबा. घाईनं नगा लिहू. मी रिलेव्हंट हाय का?"

"आहेस गं! आहेस!"

"कशाला?"

गुरुजींनी दाराकडं पाहिलं.

"पोरं शिकवणीला यायची, तवा पस्तीस वर्षं ह्या भिंतीआडून ऐकलंय मी. शब्द एकटा फिरत न्हाय. कशाला, ते सांगा. न्हाय तर वाक्य लंगडं."

घंटी दारापाशी थांबली. "गुरुजी, कागुद द्या!" गोरोबानं हाक मारली.

गुरुजींच्या कपाळावर घाम आला. "बेरजेला," ते म्हणाले. "पोरांच्या पास होण्याला. माझ्या नोकरीला. सकाळी उठण्याला... कस्तुरा, तू नसलीस तर मी कुणाशी बोलू?"

"आता कसं!" बाई म्हणाल्या.

गुरुजींनी ओळ कायम केली. अक्षर इतकं वाकडं आलं की वर्गात एखाद्याला त्यांनी दोन छड्या दिल्या असत्या. मग बाईंनी कागद आपल्याकडं ओढला, त्यांच्या कानावरची लाल पेन्सिल काढली आणि वर कुठंतरी एका शब्दावर रेघ मारून शेजारी 'क' लिहिलं.

"काय खोडलंस?"

"एक शब्द. आता त्याची गरज न्हाय तुम्हाला." त्या दारात गेल्या. "हं, गोरोबा, घे."

"द्या, काकू," गोरोबा म्हणाला आणि कागद घेऊन गेला.

दुपारी शाळेत शिक्का पडला असावा. कारण त्या संध्याकाळपासून गुरुजींना एक इंग्रजी शब्द आठवत नाही. मोठा होता, फळ्यावर लिहायचे, एवढं आठवतं. त्या जागी जीभ नेली की पडलेल्या दातासारखं मोकळं लागतं. स्मरणिकेतही 'माझा आवडता शब्द' याच्यापुढं नुसती कोरी जागा छापून आली. छापखान्याची चूक म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

तेव्हापासून टेबलावर काय खोडावं तेच गुरुजींना कळत नाही. माणूस आजोबापासून सुरुवात करतो, गुरुजी आजोबापासून उतरवून घेतात. एका पानाचा अर्ज आठ पानांचा होतो. हापिसातले कारकून कपाळाला हात लावतात आणि गुरुजींचं वय झालं म्हणतात. गुरुजी कस्तुराबाईंना बेरीज तपासायला देतात, पानांची.

बलभीमचा अर्ज मात्र शिक्का पडलेला आहे. तो परत मिळत नाही. गुरुजींनी तीनदा मागून पाहिला.

म्हणून ते दर मंगळवारी त्याच्या बांधावर जातात आणि भर उन्हात शेळ्यांमध्ये बसतात. शेळ्या त्यांना जागा देतात. समोर हरणाबाई भाकरीचं फडकं सोडते, एक भाकरी उगाचच बाजूला काढून ठेवते आणि तिच्याकडं बघत बसते.

मागच्या मंगळवारी गुरुजी घरी आले तेव्हा त्यांच्या टोपीवर काहीतरी होतं. कस्तुराबाईंनी ते चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं आणि देवळीत जपून ठेवलं.

चिंचेचं पान होतं. कोवळं.